क्वीन्समधलं भाडं कोण ठरवतं?

क्वीन्स, न्यूयॉर्क : या शहरातल्या सुमारे दहा लाख घरांचं भाडं घरमालकाच्या मर्जीनं वाढत नाही. किती टक्के वाढायचं, ते नऊ जणांचं एक मंडळ दर जूनमध्ये जाहीर बैठकीत मतदान करून ठरवतं. पुण्या-मुंबईहून शिकायला किंवा नोकरीला आलेली कितीतरी मुलं अशाच घरांमध्ये राहतात, करार संपला की मालक सांगेल ती वाढ देतात नाहीतर सामान बांधून दुसरीकडे जातात. आपल्याला कायद्याचं संरक्षण होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. या पत्रात सांगायचं आहे ते मुख्यतः याबद्दल.

न्यूयॉर्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मॅनहॅटनच येतं. पण १८९८ साली मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्रॉन्क्स आणि स्टेटन आयलंड अशा पाच भागांचं मिळून हे महानगर झालं आणि या प्रत्येक भागाला इथे बरो म्हणतात. क्वीन्सची वस्ती २०२०च्या जनगणनेत चोवीस लाखांवर भरली. नवा माणूस इथे आधी पत्त्यानंच चक्रावतो. घराच्या क्रमांकात मध्ये एक छोटी रेघ असते. रेघेच्या आधीचा आकडा जवळच्या आडव्या रस्त्याचा, नंतरचा घराचा. त्यात सदतिसावा अ‍ॅव्हेन्यू आणि सदतिसावा रोड शेजारीशेजारी. घर बघायला जाताना शेवटचा शब्द नीट वाचून घ्यावा.

आपल्या माणसांना सगळ्यात ओळखीचा भाग म्हणजे जॅक्सन हाइट्स. चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर डाळी-मसाल्यांची, साड्यांची, सोन्याची दुकानं. त्या रस्त्याच्या एका तुकड्याला कल्पना चावलाचं नाव दिलेलं आहे. कोपऱ्यावर स्टेशन, तिथे सात नंबरची गाडी डोक्यावरून धडधडत जाते आणि बाकीच्या जमिनीखालून. सात नंबरच्या मार्गानं १९१७ साली हा भाग शहराला जोडला आणि इथल्या शेतजमिनीवर विटांच्या देखण्या इमारती उभ्या राहिल्या. रस्त्यावरून दिसत नाही, पण इमारतींच्या ओळींच्या मधोमध आख्ख्या ब्लॉकभर लांबीच्या बागा आहेत. ज्या कंपनीनं हे बांधलं, तिनं ज्यू आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना इथे घर मिळू दिलं नाही. गोऱ्या, ख्रिस्ती, मध्यमवर्गीय माणसांसाठीच म्हणून आखलेली ही वसाहत. १९६५च्या कायद्यानं आशियातल्या स्थलांतरितांना अमेरिकेचं दार उघडलं, १९६८च्या कायद्यानं वंश-धर्म बघून घर नाकारण्याला बंदी आली, आणि आज त्याच इमारतींच्या पाट्यांवर कोलंबियन, बांगलादेशी, तिबेटी, गुजराती आडनावं एकाखाली एक वाचायला मिळतात. मला या भागाचा अभिमान वाटतो तो यासाठी.

आता पैशांचं. इथला अलिखित नियम असा, की तुमचं वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीस पट हवं. समजा, एका बेडरूमच्या घराचं भाडं २,४०० डॉलर आहे, तर पगार वर्षाला ९६,००० डॉलर दाखवावा लागतो. तेवढा नसेल तर जामीन राहणारा माणूस लागतो आणि त्याचं उत्पन्न भाड्याच्या ऐंशी पट हवं, म्हणजे १,९२,००० डॉलर. पुष्कळ मालकांना तो न्यूयॉर्क, न्यू जर्सी किंवा कनेटिकटमध्येच राहणारा हवा असतो. सांगलीतल्या वडिलांची मुदत ठेव इथे उपयोगी पडत नाही. वर क्रेडिट स्कोअर. नुकत्याच आलेल्या माणसाचा तो नसतोच, कारण या देशात त्यानं अजून कुणाचं कर्ज काढून फेडलेलं नसतं. म्हणून नवी मुलं आधी कुणाच्या तरी करारात रूममेट म्हणून शिरतात, आणि तो रस्ता वाईट नाही.

अनामत रक्कम मात्र आपल्या मुंबईसारखी जबर नसते. राज्यानं २०१९मध्ये केलेल्या कायद्यानं ती एका महिन्याच्या भाड्यावर आणून ठेवली. घर सोडल्यावर चौदा दिवसांत ती परत करायची, काही कापून घेतलं असेल तर कशासाठी ते एकेक बाब लिहून द्यायचं. अर्जदाराची पार्श्वभूमी तपासण्याच्या नावाखाली वीस डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाहीत. दलालीचा प्रश्न याहून मोठा होता. मालकानं नेमलेल्या ब्रोकरचे पैसे भाडेकरूनं द्यायचे, आणि ते वर्षाच्या भाड्याच्या बारा ते पंधरा टक्के, अशी इथली कित्येक वर्षांची रीत. वरच्याच उदाहरणात पंधरा टक्के म्हणजे ४,३२० डॉलर. पहिलं भाडं आणि अनामत धरून किल्ली हातात येण्याआधी ९,१२० डॉलर मोजायचे! ब्रुकलिनचे तरुण नगरसेवक शी ओसे यांनी यावर कायदा आणला आणि ११ जून २०२५पासून तो लागू झाला. ज्यानं ब्रोकर नेमला त्यानंच दलाली द्यायची, एवढंच त्याचं म्हणणं. मालकांनी तो खर्च भाड्यात मिळवायला सुरुवात केली आहे अशी तक्रार ऐकू येते. तरीही सुरुवातीची एवढी मोठी रक्कम नसल्यामुळे अडून राहिलेल्या माणसाला हा कायदा मोलाचा आहे.

आता त्या दहा लाख घरांकडे येते. १९७४च्या आधी बांधलेली आणि सहा किंवा अधिक घरं असलेली इमारत दिसली, की मनात प्रश्न यायला हवा : हे घर रेंट स्टॅबिलाइज्ड आहे का? अशा घराचं भाडं मंडळानं ठरवलेल्या टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. करार संपला की नवा करार द्यावाच लागतो, एक वर्षाचा की दोन वर्षांचा हे भाडेकरू ठरवतो. मालकाला माणूस आवडला नाही म्हणून त्याला बाहेर काढता येत नाही. भाडेकरू गेला तरी त्याच्याबरोबर दोन वर्षं राहिलेला जवळचा नातेवाईक तोच करार पुढे चालवू शकतो. हे संरक्षण घराला चिकटलेलं असतं, माणसाच्या नागरिकत्वाला किंवा पगाराला नाही. व्हिसावर आलेला विद्यार्थी आणि तीन पिढ्या इथे राहिलेली आजी यांचा हक्क सारखाच.

मंडळात महापौरांनी नेमलेले दोन सदस्य भाडेकरूंचे, दोन मालकांचे आणि पाच सर्वसाधारण जनतेचे असतात. वसंत ऋतूत सुनावण्या होतात. तिथे कुणीही नाव नोंदवून दोन-तीन मिनिटं बोलू शकतं. निवृत्त परिचारिका बोलते, हॉटेलात भांडी घासणारा बोलतो आणि बॉयलर बदलायला कर्ज काढलेला छोटा घरमालकही बोलतो. दुभाषे असतात. मतदानाच्या रात्री सभागृहात घोषणा, ढोल, शिट्ट्या. ऑक्टोबर २०२५पासून सुरू होणाऱ्या करारांसाठी एक वर्षाला तीन टक्के आणि दोन वर्षांना साडेचार टक्के वाढ मंजूर झाली. २०१५ आणि २०१६ साली एक वर्षाच्या करारावर शून्य टक्के वाढ होती. नोव्हेंबर २०२५मध्ये महापौरपदाची निवडणूक क्वीन्समधलेच झोहरान ममदानी यांनी जिंकली, ती याच घरांचं भाडं गोठवण्याचं आश्वासन देऊन. भाडं हा इथे राजकारणाचा विषय आहे, आणि तो तसा असणं मला योग्य वाटतं. शहराच्या २०२३च्या पाहणीत भाड्यानं मिळू शकणारी रिकामी घरं शंभरात दीडदेखील भरली नाहीत, नेमका आकडा १.४१ टक्के. इतकी टंचाई असताना भाडं नुसतं बाजारावर सोडणं म्हणजे माणसांना रस्त्यावर आणणं आहे.

मुंबईकर वाचक इथे मान हलवून म्हणेल, की भाडं गोठवल्यानं काय होतं ते आम्ही पाहिलं आहे. खरं आहे. दोन्ही शहरांतलं भाडेनियंत्रण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलंच. आपल्या १९४७च्या कायद्यानं १ सप्टेंबर १९४०चं भाडं प्रमाण मानलं आणि ते तिथेच थिजलं. मालकाला दुरुस्ती परवडेना, पागडी फोफावली, चाळी खचल्या. दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा आली ती १९९९च्या कायद्यानं, तोवर मूळ आकडाच नगण्य झालेला होता. न्यूयॉर्कमध्येही जुन्या पद्धतीच्या भाडेनियंत्रणाची थोडी घरं आहेत. पण १९६९ साली या शहरानं दुसरी वाट धरली : दरवर्षी थोडी वाढ, हिशेब तपासून, सगळ्यांसमोर. घरमालकांचं म्हणणंही कानाआड करण्यासारखं नाही. २०१९च्या कायद्यानं रिकामं घर नव्यानं भाड्यानं देताना मिळणारी मोठी वाढ बंद झाली. त्यामुळे चाळीस वर्षं एकाच कुटुंबानं वापरलेलं घर नीट करायला आम्हाला परवडत नाही, म्हणून ते कुलूप लावून ठेवतो, असं ते सांगतात. याला उत्तर दुरुस्तीसाठी सरकारी पैसा देणं हे आहे. भाडेकरूचं संरक्षण काढून घेणं हे नाही.

हिवाळ्याचाही एक हक्क आहे. १ ऑक्टोबर ते ३१ मे, दिवसा बाहेरचं तापमान तेरा अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की घरात वीस अंश राखणं मालकाला बंधनकारक आहे, रात्री किमान सतरा. गरम पाणी बाराही महिने. जुन्या इमारतींमध्ये रेडिएटरची वाफ सहसा भाड्यातच धरलेली असते. ती येत नसेल तर इमारतीची देखभाल करणाऱ्याला, ज्याला इथे सगळे सुपर म्हणतात, आधी सांगायचं. दाद लागली नाही तर शहराचा ३११ हा तक्रार क्रमांक फिरवायचा. तक्रार केल्याचा राग काढून मालकानं घराबाहेर काढणं बेकायदा आहे. दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल असेल तर खिडक्यांना गज बसवून घ्या, तेही मालकाचंच काम.

हे सगळं मोठ्या इमारतींचं झालं. क्वीन्समध्ये मालक खाली, भाडेकरू वर अशी दोन कुटुंबांची छोटी घरंही हजारोंनी आहेत. आपली पुष्कळ माणसं तिथेच उतरतात. मालक पंजाबी किंवा बांगलादेशी असतो, ओळखीनं खोली मिळते, क्रेडिट स्कोअर कुणी विचारत नाही. जिव्हाळा मिळतो, हेही खरं. पण करार नसतो, भाडं रोख, पावती नाही. मी पावतीचा आग्रह धरायला सांगते तेव्हा मुलं संकोचतात, काकांना वाईट वाटेल म्हणतात. वाईट वाटू द्यावं. आणि एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्यावा, ती म्हणजे तळघर. अशा छोट्या घरात निम्म्याहून अधिक जमिनीखाली असलेली जागा राहण्यासाठी भाड्यानं देता येत नाही, तरीही ती दिली जाते, कारण ती स्वस्त असते. १ सप्टेंबर २०२१च्या रात्री इडा वादळाच्या पावसात सेंट्रल पार्कात तासाभरात ८० मिलिमीटर पाणी पडलं. शहरात तेरा माणसं गेली, त्यातली अकरा तळघरांत बुडून, आणि त्यांतली बहुतेक क्वीन्समध्ये. त्यांत नेपाळी कुटुंबातलं दोन वर्षांचं मूलही होतं. पाणी आलं तेव्हा बाहेर पडायला दुसरी वाटच नव्हती. स्वस्त जागेच्या मोहात पडणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते आणि सांगत राहणार आहे.

ज्यांची मुलं या वर्षी न्यूयॉर्कला निघाली असतील त्यांनी एवढं करावं. सही करण्याआधी घर रेंट स्टॅबिलाइज्ड आहे का, हे मुलानं लेखी विचारावं. असेल तर आधीचं भाडं किती होतं आणि आताचं कसं ठरलं हे सांगणारी पुरवणी कराराला जोडावीच लागते. राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यातच राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे त्या घराच्या भाड्याचा इतिहास मागवावा. १९८४पासूनच्या नोंदी तिथे आहेत, भाडेकरूला त्या फुकट मिळतात आणि मालकाला विचारावं लागत नाही. आकड्यांत अचानक मोठी उडी दिसली तर तक्रार करावी. मालकानं जाणूनबुजून जादा घेतल्याचं ठरलं, तर ती रक्कम तिप्पट परत मिळते.