दाढ दुखतेय म्हणून लगेच काढायची का?

बुलढाणा : रात्री दाढ ठणकायला लागली की आधी लवंग, मग मेडिकलवरून आणलेली गोळी. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. शेवटी दवाखान्यात जाऊन आपण म्हणतो, "डॉक्टर, काढूनच टाका." पण दुखणारी प्रत्येक दाढ काढावी लागत नाही.

कीड वरवर असेल तर फिलिंगने भागतं. कीड आतल्या नसेपर्यंत गेली तरी रूट कॅनालने बऱ्याचदा दाढ वाचते. त्यात खर्च आणि फेऱ्या जास्त, हे खरं. पण काढलेली पक्की दाढ परत येत नाही. शेजारचे दात मोकळ्या जागेत झुकतात आणि चावायला त्रास होतो.

मग दात काढायचा कधी?
- किडीने इतका पोखरला की फिलिंग धरायला काही उरलं नाही, किंवा मूळच चिरलं.
- हिरड्यांच्या आजाराने हाड झिजून दात फार हलू लागला.
- अक्कलदाढ आडवी अडकून वारंवार सूज येते.
- मुलाचा पक्का दात मागून आला, तरी दुधाचा दात पडत नाही.

वरची दाढ काढली की नजर कमी होते, असं दादी-नानी सांगतात. तसं काही होत नाही; डोळ्याची दृष्टीची नस वेगळी असते. या भीतीने दाढ तशीच ठेवली तर पू पसरू शकतो. सूज गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास अडखळला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा.

शुगर, बीपी, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. खर्रा-गुटख्याने तोंड कमी उघडत असेल तर तेही सांगा, कारण अशा तोंडात दाढ काढणं अवघड जातं.

दाढ काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा तास दाबून धरा. 24 तास जोरात चूळ भरू नका, थुंकू नका, बिडी-सिगारेट ओढू नका. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या करा. दोन-तीन दिवसांनी दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं तर परत दाखवा.

खर्चाची अडचण असेल तर आधी सरकारी दवाखान्यात विचारा. अवघड दाढेसाठी छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. आणि मिस्वाक असो की ब्रश, रात्री झोपण्याआधी दात साफ केल्याशिवाय मुलांना झोपू देऊ नका.