सागरसत्ता आणि किनारा – लेखांक ७ : आकाशाची राखण करणारी युद्धनौका

परक्या देशाच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवणे, तेथे अडकलेल्या नागरिकांना बाहेर काढणे किंवा तेथील संघर्षाच्या झळा पोहोचणाऱ्या व्यापारी जहाजांना सुखरूप वाट करून देणे, या तिन्ही कामांत मोठा धोका आकाशातून येतो. कारण सैन्यवाहू आणि प्रवासी जहाजे संथ, अवजड व जवळजवळ निःशस्त्र असतात, आणि मायदेशाची लढाऊ विमाने बहुधा त्यांच्या मदतीला वेळेत पोहोचू शकत नाहीत. अशा ताफ्याबरोबर जी युद्धनौका केवळ स्वतःचा बचाव न करता आसपासच्या सर्व जहाजांच्या डोक्यावरचे आकाश राखते, तिच्या या कामगिरीला क्षेत्रीय हवाई संरक्षण म्हणतात.

भारतीय नौदलात हे काम करू शकणाऱ्या नव्या विनाशिकांपैकी एकीचे नाव ‘आयएनएस सुरत’ आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली, सुमारे ७,४०० टनांची ही नौका विशाखापट्टणम वर्गातील चौथी आणि शेवटची असून १५ जानेवारी २०२५ रोजी ती नौदलात दाखल झाली. सुरतेच्या दक्षिणेस असलेल्या सचिनच्या इतिहासाशी या नावाचे नाते जुने आहे. मोगल काळात सुरतेच्या व्यापारी आणि हजयात्रेच्या जहाजांची राखण करण्याची जबाबदारी जंजिऱ्याच्या सिद्दींच्या आरमारावर होती, आणि त्याच घराण्यातील बालूमियाँ सिद्दी याने १७९१ मध्ये जंजिऱ्यावरील हक्क पेशव्यांना सोडून देण्याच्या बदल्यात सचिन मिळवले. पेशव्यांच्या हाती जंजिरा कधीच आला नाही, सचिनचे संस्थान मात्र १९४८ पर्यंत टिकले. माल वाहणारी जहाजे आणि त्यांची राखण करणारी जहाजे वेगळी असावीत ही व्यवस्था या किनाऱ्याला तेव्हापासून परिचित आहे. पुढे धोका पाण्याच्या पृष्ठभागावरून आकाशात सरकला.

या संरक्षणाची खरी अडचण पृथ्वीच्या गोलाकारात आहे. रडारच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, त्यामुळे पाण्यापासून अवघ्या ५ मीटर उंचीवरून येणारे क्षेपणास्त्र क्षितिजाआड दडलेले असते, आणि नौकेचे रडार २५ मीटर उंचीवर असेल तर ते सुमारे ३० किलोमीटरवर आल्यावरच दिसू शकते. सुरत आणि नवसारी या स्थानकांमधील रेल्वेचे अंतर जवळपास एवढेच आहे, आणि सचिन या दोहोंच्या मधोमध येते. ध्वनीपेक्षा थोड्या कमी वेगाचे क्षेपणास्त्र हे सारे अंतर १०० सेकंदांच्या आसपास कापते, तर ध्वनीच्या तिप्पट वेगाचे क्षेपणास्त्र त्याच्या एकतृतीयांशापेक्षाही कमी वेळ देते. तेवढ्यात लक्ष्य ओळखणे, ते शत्रूचेच आहे याची खात्री करणे, प्रतिक्षेपणास्त्र सोडणे आणि ते चुकल्यास दुसरे सोडणे, हे सगळे उरकावे लागते.

‘सुरत’वर या कामासाठी डोलकाठीच्या चारही बाजूंना बसवलेल्या स्थिर पटलांचे रडार आहे, म्हणजे फिरत्या अँटेनाची एक फेरी पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि डेकखालच्या उभ्या नळकांड्यांत मध्यम पल्ल्याची ३२ क्षेपणास्त्रे असतात, जी सरळ वर झेपावून मग लक्ष्याच्या दिशेने वळतात, त्यामुळे हल्ला कोणत्याही बाजूने आला तरी नौकेला तोंड फिरवावे लागत नाही. भारत आणि इस्रायल यांनी मिळून विकसित केलेल्या या क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे ७० किलोमीटर आहे. क्षितिजाच्या मर्यादेवरचा उतारा म्हणजे सहकारी मारा, ज्यात एका नौकेने टिपलेल्या लक्ष्यावर दुसरी नौका मारा करते. ‘कोची’ आणि ‘चेन्नई’ या विनाशिकांनी २०१९ मध्ये ही चाचणी केली, आणि एप्रिल २०२५ मध्ये ‘सुरत’ने अरबी समुद्रात पाण्यालगत उडणाऱ्या लक्ष्यावर असाच मारा यशस्वी केला.

हे छत्र फाटले की काय होते, हे १९८२ च्या फॉकलंड युद्धाने दाखवले. ब्रिटिश सैन्य सान कार्लोस येथे उतरत असताना ‘कॉव्हेंट्री’ ही लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांची विनाशिका आणि ‘ब्रॉडस्वर्ड’ ही कमी पल्ल्याच्या अचूक क्षेपणास्त्रांची फ्रिगेट अशी जोडी बेटांच्या वायव्येस ठेवली होती, जेणेकरून अर्जेंटिनाच्या विमानांची चाहूल आधी लागावी आणि हल्ला उतरणाऱ्या सैन्याऐवजी या दोघींवर यावा. २५ मे रोजी विमाने अगदी खालून आली. ‘ब्रॉडस्वर्ड’ने नेम धरला असतानाच वळण घेणारी ‘कॉव्हेंट्री’ तिच्या माऱ्याच्या रेषेत आली, आणि बॉम्ब लागून ती बुडाली. त्यात १९ जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्रे आदळली आणि त्यावरची बहुतेक हेलिकॉप्टर नष्ट झाली, त्यामुळे पुढे ब्रिटिश सैनिकांना पाठीवर ओझी घेऊन बेटाचा मोठा भाग पायी ओलांडावा लागला. सागरी छत्रातील एका छिद्राची किंमत जमिनीवरच्या पायदळाने मोजली, आणि हे छत्र हा मोहिमेचा पाया असतो असे म्हणण्याचे कारण हेच.

भारताने अशा नौका परक्या भूमीवर चढाईसाठी नव्हे, तर मुख्यतः माणसे बाहेर काढण्यासाठी वापरल्या आहेत, आणि ही गोष्ट अभिमानाने नोंदवण्याजोगी आहे. १४ जुलै २००६ रोजी बैरूतजवळ इस्रायलच्या ‘हनित’ या नौकेवर क्षेपणास्त्र आदळून चार नौसैनिक ठार झाले; नौकेवर प्रतिक्षेपणास्त्रे होती, परंतु शत्रूकडे असे अस्त्र असेल ही कल्पनाच नसल्याने ती यंत्रणा कार्यरत ठेवलेली नव्हती. पुढच्या आठवडाभरातच ‘आयएनएस मुंबई’ आणि तिच्या जोडीदार नौका बैरूतच्याच बंदरातून भारतीयांना बाहेर काढत होत्या. २०१५ मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखाली येमेनवर बॉम्बहल्ले सुरू झाले, तेव्हाही ‘मुंबई’ आणि ‘तरकश’ यांनी ‘कवरत्ती’ व ‘कोरल्स’ या प्रवासी जहाजांना सोबत केली.

डिसेंबर २०२३ मध्ये पोरबंदरपासून सुमारे २०० सागरी मैलांवर ‘केम प्लुटो’ या रसायनवाहू जहाजावर ड्रोन आदळला आणि हा धोका गुजरातच्या किनाऱ्याजवळ येऊन ठेपला. भारताने अमेरिकेच्या नेतृत्वाखालील तांबड्या समुद्रातील आघाडीत सामील न होता स्वतःच्या विनाशिका स्वतंत्रपणे अरबी समुद्रात आणि एडनच्या आखातात उभ्या केल्या. हा निर्णय योग्य होता, कारण संरक्षण कोणाचे करायचे हे ज्याचे त्याने ठरवले नाही, तर छत्र धरणारी नौका दुसऱ्याच्या युद्धात ओढली जाते. मात्र अशा स्वतंत्र पहाऱ्याला संख्याबळ लागते. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी अमेरिकेच्या ‘कार्नी’ या विनाशिकेला एकाच दिवशी सुमारे १० तास ड्रोन आणि क्षेपणास्त्रांच्या लाटा परतवाव्या लागल्या होत्या, आणि उभ्या नळकांड्यांतील रिकाम्या जागा भर समुद्रात भरण्याची सोय अजून व्यवहारात आलेली नाही. ३२ क्षेपणास्त्रे संपली की ‘सुरत’सारख्या नौकेला बंदर गाठावेच लागते, आणि तोवर तिच्या जागी दुसरी नौका आलेली असावी लागते.