झाकली मूठ आणि उघडा हिशेब

उन्हाळा आला की पुष्कळ गावांत विहिरी तळ गाठतात. मग पाण्याचा टँकर येतो. टँकर बहुधा खाजगी ठेकेदाराचा असतो. पाणी आपल्याला फुकट मिळते. पण ठेकेदार काही फुकट राबत नाही. त्याला सरकार पैसे देते. हे पैसे कोणाचे? आपलेच. साबणाची वडी घेतली तरी तिच्या किमतीत कर असतो. तो कर सरकारी तिजोरीत जातो.

समजा, तुमच्या गावाला रोज तीन खेपा मंजूर आहेत. टँकर मात्र दोनदाच येतो. बायाबापड्या हंडे घेऊन उन्हात ताटकळतात. मग तिसरी खेप गेली कुठे? ती मुळात मंजूरच नव्हती, की कागदावर आली आणि तिचे बिलही निघाले?

हे कळायला तीन कागद पाहावे लागतात. एक, ठेकेदाराशी झालेला करार. दोन, टँकरच्या खेपांची वही. तिला लॉगबुक म्हणतात. तीन, ठेकेदाराला दिलेली बिले.

तुम्ही कचेरीत जाता. विचारता, "साहेब, टँकरचा करार बघायला मिळेल का?" उत्तर येते, "नाही काका, तो गोपनीय आहे. ठेकेदाराचं व्यापारी गुपित आहे त्यात." एवढा मोठा शब्द ऐकला की माणूस मुकाट्याने माघारी फिरतो.

पण मंडळी, माघारी फिरू नका. हा शब्द नीट समजून घ्या.

व्यापारी गुपित म्हणजे काय? बाजारातल्या मसालेवाल्याचे उदाहरण घ्या. कोणती मिरची किती घालायची, धने किती भाजायचे, हे तो कोणाला सांगत नाही. सांगितले तर शेजारचा दुकानदार तसाच मसाला करील आणि याचा धंदा बसेल. हे त्याचे खरे गुपित. पण किलोला भाव काय, आणि वजन किती भरले, हे तो गिऱ्हाइकापासून लपवील का? मुळीच नाही. भाव आणि माप कळणे हा गिऱ्हाइकाचा हक्कच आहे. सरकारी ठेक्यात गिऱ्हाईक कोण? आपण, म्हणजे जनता.

माहितीचा अधिकार कायदा २००५ साली झाला. कायदाही असेच सांगतो. त्याच्या कलम ८(१)(घ) मध्ये व्यापारी गुपिताला राखण दिली आहे. माहिती उघड केल्याने धंद्याच्या चढाओढीत त्या माणसाचे नुकसान होणार असेल, तर ती नाकारता येते. पण लोकांचे मोठे हित असेल, तर तीही देता येते.

निविदा भरायच्या वेळी प्रत्येकाचा दर झाकलेलाच असावा. नाहीतर एकाचा दर दुसऱ्याला कळेल आणि लबाडी होईल. तोवर झाकली मूठ बरी. पण ठेका एकदा देऊन झाला, की ती मूठ उघडायला हवी. झारखंडच्या उच्च न्यायालयाने २००७ साली हेच सांगितले. निविदेचा निर्णय झाल्यावर ती कागदपत्रे लपवून ठेवायला कारण उरत नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे.

कोणी म्हणेल, "पण करारात एखादी गोष्ट खरीच गुपित असली तर?" त्यालाही कायद्यात वाट आहे. कलम १० प्रमाणे तेवढाच मजकूर झाकायचा आणि बाकीचा कागद द्यायचा. एका ओळीसाठी सगळी फाईल बंद ठेवता येत नाही.

ठेकेदाराचेही म्हणणे ऐकले जाते, बरे का. त्याने जी माहिती गोपनीय म्हणून दिली असेल, ती देण्याचा विचार असल्यास अधिकारी त्याला ५ दिवसांत नोटीस पाठवतो. ठेकेदाराला आपले म्हणणे मांडायला १० दिवस मिळतात. पण निर्णय अधिकाऱ्याने करायचा असतो. ठेकेदार नको म्हणाला, एवढ्यावर माहिती अडत नाही. अशा कामी ४० दिवसांत निर्णय व्हावा लागतो. एरवी मुदत ३० दिवसांची आहे.

आता अर्ज कसा करावा ते पाहू.

अर्ज कचेरीतल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा. महाराष्ट्रात त्यावर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावतात. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही; त्याने दाखला जोडावा. माहिती कशाला हवी, हे सांगायची सक्ती नाही. ज्याला लिहिता येत नाही, त्याला अर्ज लिहायला अधिकाऱ्याने मदत करावी, असे कायदाच म्हणतो. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला, तर त्या कचेरीने तो ५ दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो.

अर्जात मोघम लिहू नये. "टँकरची सगळी माहिती द्या" असे लिहू नका. असे लिहा: "आमच्या गावाला मार्च ते मे या महिन्यांत पाणी देणाऱ्या टँकरचा करारनामा, लॉगबुक आणि दिलेली बिले यांच्या प्रती द्याव्यात." गावाचे नाव आणि वर्ष घालायला विसरू नका. अर्जाची पोच घ्या आणि ती जपून ठेवा.

"गोपनीय आहे" असे तोंडी उत्तर मिळाले, तर ते उत्तर धरू नका. नम्रपणे म्हणा, "साहेब, कारण आणि कलम घालून लेखी द्या." लेखी नकार आला, की ३० दिवसांत त्याच खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करा. मुदतीत उत्तरच आले नाही, तरी अपील करता येते. तिथेही दाद लागली नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जाता येते.

हा कायदा आयता मिळालेला नाही. १९९४ साली राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनवाई भरवायला सुरुवात केली. सरकारी कामांची बिले आणि हजेरीपट लोकांसमोर मोठ्याने वाचले गेले. कामावर न गेलेल्यांची नावे त्यात निघाली. ऐकणारे साधे मजूर आणि शेतकरी होते. हिशेब खरा की खोटा, हे त्यांना तिथल्या तिथे कळले.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. करार आणि लॉगबुक हाती आले, की चार जण मिळून पारावर बसा आणि वाचा. कागदावर खेपा किती, आणि दारात आल्या किती? हा मेळ गावकऱ्यांइतका चांगला दुसरे कोण घालणार?