टकटक ऐकू आली की लॅपटॉप बंद!

आज आपण लॅपटॉपबद्दल बोलणार आहोत. "आम्हाला काय करायचंय लॅपटॉपचं?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. ग्रामसंघाचा कर्जाचा हिशेब, बैठकीचे ठराव, कोणत्या ताईनं किती हप्ते फेडले त्याची नोंद, हे सगळं हळूहळू वहीतून लॅपटॉपात चाललंय. वही चुलीत पडली तर धूर तरी निघतो. लॅपटॉपातली वही जाते तेव्हा कुणाला काही कळत नाही.

झरीत आमच्यावर ही वेळ आली ती मार्चअखेरीला. बँकेच्या नव्या कर्जासाठी हिशेब काढायचा होता. लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ लागायला लागला, की तेवढ्यात चहा उकळून, गाळून, पिऊनही व्हायचा. मग फाइल उघडेना. आणि एक दिवस आतून आवाज यायला लागला, टक… टक… टक.

आम्ही काय केलं? बंद करून पुन्हा चालू केला. एकदा नाही, पाच-सहा वेळा. एकीनं पदरानं वारा घातला. कुणी म्हणालं, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. कुणी म्हणालं, फॉरमॅट मारा, नवा होईल. त्यातच एक ताई सांगत होती, मी दोन हप्ते भरलेत, आणि दुसरी म्हणत होती, मला आठवत नाही. नोंद लॅपटॉपात अडकलेली. दोघींचं बोलणं बंद व्हायची वेळ आली.

फॉरमॅट न मारता आम्ही लॅपटॉप परभणीला नेला, एवढंच आमचं शहाणपण. दुरुस्तीवाल्या दादांनी पहिला प्रश्न विचारला, "आवाज यायला लागल्यावर किती वेळा चालू केला?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो.

त्यांनी असं का विचारलं, ते समजून घेऊ. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असते. तिच्या आत आरशासारख्या गुळगुळीत गोल तबकड्या असतात. अनेक लॅपटॉपमध्ये त्या मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. तबकडीवर लोहचुंबकाच्या बारीक खुणांनी आपली माहिती लिहिलेली असते. ती वाचायला एक चिमुकलं हेड असतं. ते तबकडीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. मधलं अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. लॅपटॉप चालू असताना दणका बसला, किंवा डिस्क जुनी होऊन थकली, तर हेडला नीट वाचता येत नाही. ते मागे जातं, पुन्हा येतं, पुन्हा मागे जातं. तीच ती टकटक. आणि हेड तबकडीला घासलं, तर प्रत्येक फेऱ्याला ओरखडा वाढतो. ओरखडा पडला तिथली माहिती कुणालाच परत आणता येत नाही. म्हणून आजारी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करणं म्हणजे मोडलेल्या पायानं बाईला पाण्याच्या खेपा घालायला लावणं.

आता लक्षात ठेवायच्या गोष्टी सांगतो. वही-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट, बिघाड डिस्कचाच आहे का ते बघा. पडदा काळा झाला, चार्जिंग होत नाही, कळफलक चालत नाही, अशा वेळी डिस्क बहुतेक ठणठणीत असते. ती काढून केबलनं दुसऱ्या संगणकाला जोडली की फाइली मिळतात. घाबरून जाऊ नका, आणि "सगळं गेलं" असं कुणी लगेच म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

दुसरी, फाइल चुकून पुसली असेल तर तो वेगळा आजार आहे. हार्ड डिस्कवर फाइल पुसली की आधी फक्त अनुक्रमणिकेतलं नाव जातं. धडा आत तसाच असतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून त्या लॅपटॉपवर काम थांबवा. नवे फोटो टाकू नका. फाइल परत आणणारं सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर टाकू नका, नाहीतर ज्याला शोधायचं त्याच्याच उरावर बसल्यासारखं होतं.

तिसरी, टकटक, घरघर, किंवा फाइल उघडता उघडता लॅपटॉप गोठणं, असं काही झालं तर तो बंद करा आणि बंदच ठेवा. "डिस्क तपासू का, दुरुस्त करू का, फॉरमॅट करू का" असं पडद्यावर आलं तर होकार देऊ नका. ही दुरुस्ती यंत्राच्या सोयीची असते, आपल्या माहितीच्या सोयीची नाही. डिस्क ठोकू नका. तिचं झाकण उघडू नका, धुळीचा एक कण आत गेला तरी घात होतो. फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका, आत दव धरतं.

चौथी, आधी नक्कल, मग शोध. चांगला जाणकार आजारी डिस्कवर फाइली शोधत बसत नाही. तो आधी अख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर उतरवतो. त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते आधी चांगला भाग भराभर वाचून घेतं, खराब जागा ओलांडून पुढे जातं, आणि शेवटी त्या जागांवर परत येतं. कुठवर वाचलं त्याची नोंदही ठेवतं, त्यामुळे मधेच थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. कापूस वेचताना आपण आधी चांगली बोंडं वेचतो, किडकी मागाहून बघतो, तसंच. नंतरचा सगळा शोध त्या नकलेवर करायचा.

आमचं नशीब, आमच्या डिस्कचं हेड पुरतं गेलं नव्हतं. नक्कल व्हायला रात्र आणि दुसरा अख्खा दिवस लागला. हेड पुरतं गेलं असतं, तर डिस्क धूळमुक्त खोली असलेल्या मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावी लागली असती. तिथला खर्च हजारोंच्या घरात जातो. म्हणून डिस्क देण्याआधी विचारा: खर्च किती, माहिती मिळाली नाही तर पैसे द्यायचे का, आणि नक्कल तुमच्याकडे किती दिवस राहील? पावतीवर डिस्कचा क्रमांक लिहून घ्या. त्यात आपल्या बायांचे आधार क्रमांक आणि बँक खाती असतात, हे विसरू नका.

नव्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा एसएसडी असते. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे दणक्याची भीती कमी. पण ती जाताना टकटक करून सांगत नाही, एकाएकी गप्प होते. शिवाय तिच्यातली पुसलेली फाइल बहुधा परत येत नाही, कारण ती रिकामी झालेली जागा आपली आपण साफ करते. काही लॅपटॉपची डिस्क कुलूपबंदही असते. त्या कुलपाला बिटलॉकर म्हणतात आणि त्याची किल्ली ४८ अंकी असते. ती किल्ली आजच कागदावर लिहून दप्तरात ठेवा. किल्ली नसेल तर मोठा जाणकारही हात टेकतो.

आता आमचं पुढे काय झालं ते ऐका. बहुतेक फाइली परत आल्या. पण कर्जखात्यातले दोन महिने खराब जागेत होते, ते आले नाहीत. मग आम्ही निरोप धाडला, सगळ्यांनी आपापली पासबुकं घेऊन या. एक दुपार सतरंजीवर बसून एकेकीचं पासबुक वाचलं, पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतीशी जुळवलं आणि दोन महिने पुन्हा लिहून काढले. ज्या ताईच्या दोन हप्त्यांवरून वाद होता, तिच्या पासबुकात दोन्ही सह्या होत्या. ती खरं बोलत होती. दुसरीनं तिथंच तिचा हात धरला.

त्या दुपारी आमच्यातल्या एका आजींनी जुनी गोष्ट सांगितली. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी लिहिल्या, तो ग्रंथ लीळाचरित्र. महानुभाव पंथाची परंपरा सांगते, की मूळ पोथी धाडीत गेली, आणि ज्यांना ती पाठ होती त्यांच्या तोंडून पुन्हा लिहून घेतली. त्यात हिराइसा नावाची एक बाई होती. तिच्या पाठाला आजही तिच्याच नावानं ओळखतात. एका जागी असलेलं जातं, चार जागी असलेलं राहतं, हे तेव्हाही खरं होतं.

आपल्या बचत गटाच्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र आहे, नियमित लेखे. आम्ही त्याला एक शेपूट जोडलंय, नियमित नक्कल. हिशेबाच्या तीन प्रती ठेवायच्या: एक लॅपटॉपात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी गावाबाहेर, म्हणजे इंटरनेटवर. गूगलच्या खात्यात १५ जीबीपर्यंत जागा फुकट मिळते, हिशेबाला ती पुरून उरते. त्या खात्याचा पासवर्ड दोघींना तरी माहीत हवा. बाहेरची डिस्क लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवायची नाही, दुसरीच्या घरी ठेवायची. बैठक संपली की सतरंजी उचलायच्या आधी नक्कल घ्यायची, आणि महिन्यातून एकदा ती उघडून बघायची. न उघडलेल्या नकलेवर भरवसा ठेवू नका.

लॅपटॉपलाही जपा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली तापत ठेवू नका. चालू असताना उचलून इकडून तिकडे नेऊ नका. बॅटरी मेली असेल तर बदला, नाहीतर लाईट गेली की लिहिता लिहिताच तो बंद पडतो.

आणि कागदाची वही, सहीचं पासबुक सोडू नका. आमचे दोन महिने त्यांनीच परत दिले.

पुढच्या बैठकीत अध्यक्षताईंना एवढंच विचारा, "आपल्या हिशेबाची दुसरी प्रत कुणाच्या घरी आहे?" उत्तर आलं नाही, तर त्याच दिवशी कामाला लागा.