फांदी मोडली, श्रेय कावळ्याचे काय?

अमेरिकेत २०२३ साली अमली पदार्थांच्या अतिसेवनाने सुमारे १ लाख ५ हजार माणसे दगावली. २०२४ साली ही संख्या ८० हजारांच्या आसपास आली. घट मोठी आहे व स्वागतार्ह आहे. परंतु ती कशामुळे झाली? नॅलॉक्सोन हे उताऱ्याचे औषध सुलभ झाल्यामुळे, फेंटानिलच्या पुरवठ्यात फरक पडल्यामुळे, की मरणाच्या उंबरठ्यावर असलेले अनेक जीव आधीच गेल्यामुळे? कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडली, म्हणून श्रेय कावळ्यास देता येत नाही.

हा पेच सोडविण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न त्याच देशात झाला. केंटकी, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क व ओहायो या राज्यांतील ६७ लोकसमूहांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटात उपाय आधी, दुसऱ्यात मागाहून. २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अफूवर्गीय पदार्थांच्या अतिसेवनाने पहिल्या गटात दर लाख प्रौढांमागे ४७.२, तर दुसऱ्यात ५१.७ मृत्यू झाले. हा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो, असेच संशोधकांना मान्य करावे लागले.

मग उपाय निरुपयोगी ठरले काय? तसे म्हणणे उतावीळपणाचे होईल. कोविडच्या साथीने कामे रखडली आणि अमलात आणलेल्या उपायांपैकी अवघे ३८ टक्के मोजणीच्या वर्षापूर्वी सुरू झाले होते. पेरणीच झाली नाही, तेथे पिकाचा अंदाज कसला बांधावयाचा?

आपल्याकडे १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू झाले. किती कोटी लोकांपर्यंत संदेश पोहोचला, हे सरकार वेळोवेळी सांगत असते. तो आकडा श्रमाचा आहे, फळाचा नव्हे. शपथ घेणारे हात मोजणे सोपे. वाचलेले प्राण मोजणे कठीण. त्यासाठी संशयास्पद मृत्यूची रासायनिक तपासणी होऊन कारणाची बिनचूक नोंद व्हावी लागते, योजनेचे माप तिच्या आरंभापूर्वीच ठरावे लागते, आणि तुलनेसाठी दुसरा जिल्हा डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

अशा मोजणीत सरकारची फजिती होण्याचा संभव आहे, हे खरे. परंतु निष्फळ योजनेवर खर्ची पडलेला पैसा उपयुक्त योजनेच्या वाट्याचा असतो, आणि त्या चुकीची किंमत कोणा घरातील तरुण मुलगा आपल्या प्राणाने चुकवितो. त्या घराला हिशेब मागण्याचा अधिकार आहे.