जुनी मोटार विकतांना व घेतांना घ्यावयाची दक्षता

संत्र्याचा बहार किंवा कापसाचा पैसा हातीं आला म्हणजे आपल्या अनेक शेतकरी बंधूंच्या घरीं जुनी मोटार विकून दुसरी घेण्याचा विचार निघतो. व्यवहार बहुधा ओळखीच्या माणसाशीं होतो. एका कागदावर दोन ओळी लिहिल्या जातात, पैसे मोजले जातात आणि किल्ली हातांत दिली जाते. एवढ्यानें व्यवहार पुरा झाला असें उभयतांस वाटतें. परंतु कायद्याच्या दृष्टीनें तो अर्धाच झालेला असतो. उरलेला अर्धा भाग कोणता, हें या लेखांत थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत जुनी मोटार विकावयाची असल्यास ती रस्त्यावर चालण्यास योग्य आहे असा ३० दिवसांच्या आंतील दाखला लागतो. आपल्याकडे खाजगी मोटारीच्या विक्रीच्या वेळीं अशी तपासणी कायद्यानें सक्तीची केलेली नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणें खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षें चालते. पुढें गाडी तपासून ती पांच पांच वर्षांसाठीं वाढवून मिळते. १५ वर्षें झालीं म्हणजे गाडी भंगारांत घालावी असा नियम नागपुरांत नाहीं. मात्र मुदत संपण्यापूर्वींच्या ६० दिवसांत अर्ज करावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचें शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपये झालें, व शिवाय पर्यावरण कर वेगळा. म्हणून साडेचौदा वर्षांची गाडी घेणारानें हा खर्च किंमत ठरवितांनाच हिशेबांत धरावा.

मालवाहू गाडीची गोष्ट निराळी आहे. कलम ५६ प्रमाणें तिला योग्यता प्रमाणपत्र असल्यावांचून तिची नोंदणीच वैध मानली जात नाहीं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत हें प्रमाणपत्र दोन वर्षांचें व त्यानंतर एकेका वर्षाचें मिळतें. ज्यांस शेतमाल कळमन्याच्या बाजारांत नेण्यासाठीं जुनी मालगाडी घ्यावयाची असेल, त्यांनीं या प्रमाणपत्राची अखेरची तारीख आधीं पाहावी.

विक्रीच्या वेळीं सरकारी तपासणी नाहीं, याचा अर्थ तपासणीची जबाबदारी घेणारावर पडते. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचें तत्त्वहि सामान्यतः असेंच आहे कीं, घेणारानें डोळे उघडे ठेवून घ्यावें. बैल घेतांना आपण दांत पाहतों, त्यास चालवून पाहतों, खांद्यावर जूं ठेवून पाहतों. मोटार मात्र रंग पाहून घेतों! ब्रेक, सुकाणूं, टायर, दिवे, भोंगा, पावसाचे पुसणे आणि धुराचा रंग हीं नीट पाहावींत व विश्वासू मिस्त्रीस सोबत न्यावें. चॅसिस व इंजिन यांवरील क्रमांक नोंदणीपत्राशीं अक्षरशः जुळवावेत. प्रदूषण नियंत्रणाचा दाखला व विमा चालू आहेत कीं नाहींत हेंहि पाहावें. १ एप्रिल २०१९ पूर्वीं नोंदलेल्या गाडीस उच्च सुरक्षा नंबरपाटी बसविलेली असावी. तिच्यावांचून हस्तांतरणाचें काम अडतें. विकणारानेंहि दोष लपवूं नये. धोकादायक दोष ठाऊक असतां गाडी रस्त्यावर चालविणें कलम १९० प्रमाणें दंडनीय आहे. आणि फसवून केलेला करार घेणारास रद्द करवितां येतो.

आतां मुख्य मुद्दा नांवाच्या नोंदीचा. महसूल खात्यांत आयुष्य घालविल्यामुळें आम्हांस ही गोष्ट फेरफाराच्या दृष्टांतानें सांगणें सोपें वाटतें. जमीन घेणारानें तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते, हें आपणांस ठाऊकच आहे. मोटारीच्या बाबतींत वर्दी दोघांनींहि द्यावयाची असते. कलम ५० प्रमाणें विकणारानें १४ दिवसांच्या आंत व घेणारानें ३० दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवावें. त्यासाठीं नमुना २९ व नमुना ३० भरावे लागतात. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो सातबाऱ्यावरील बोजाप्रमाणेंच आधीं उतरवावा. त्यास नमुना ३५ आहे. गाडी छिंदवाडा किंवा शिवनीकडे, म्हणजे परप्रांतांत, जाणार असेल तर नमुना २८ वर ना-हरकत दाखला घ्यावा लागतो आणि अशा वेळीं विकणारास ४५ दिवसांची मुदत असते. नागपुरांत शहराच्या कार्यालयाची खूण एम.एच. ३१, ग्रामीणची ४० व पूर्व नागपूरची ४९ अशी आहे.

ही वर्दी न दिल्यास काय होतें? सर्वोच्च न्यायालयानें ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं एका प्रकरणांत याचें उत्तर दिलें आहे. त्यांतील गाडी २००७ सालीं विकली गेल्यावर एकामागून एक अनेक हातांत गेली; पण नोंदणीपुस्तकांत पहिल्याच मालकाचें नांव राहिलें. २००९ सालीं त्या गाडीनें अपघात केला. न्यायालयानें ठरविलें कीं, ज्याचें नांव नोंदलेलें आहे तोच कायद्यानें मालक, व नुकसानभरपाईचें दायित्व त्याचेंच. गाडी गेली, पैसे खर्च झाले, आणि वर्षें लोटल्यावर दुसऱ्याच्या हातून झालेल्या अपघाताची भरपाई माथीं आली! शेतकऱ्यास अशी रक्कम बहुधा जमीन विकूनच उभी करावी लागेल.

विम्याविषयींहि एक शब्द. कलम १५७ प्रमाणें गाडीबरोबर विमा घेणाराकडे जातो असें मानलें जातें. तरीहि घेणारानें १४ दिवसांच्या आंत विमा कंपनीकडे आपलें नांव चढविण्याचा अर्ज करावा.

सारांश, विकणारानें कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देऊं नयेत. गाडी सोंपविल्याची तारीख व वेळ लिहून उभयतांच्या सह्या घ्याव्यात, घेणाराच्या ओळखपत्राची नक्कल ठेवावी, वर्दीची पोंच जपावी, आणि नोंदणीपत्रावर नवें नांव चढल्याचें स्वतः पाहावें. घेणारानें कांहीं रक्कम नांव चढेपर्यंत राखून ठेवण्याचा करार केल्यास दोघांसहि काम पुरें करण्याची निकड राहते. कार्यालयाच्या एकदोन खेपांचा कंटाळा केल्यास पुढें कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतात, हें आमच्या बंधूंनीं ध्यानांत ठेवावें.