कवडसा, कणाद आणि तरंग

माध्यान्ही मिटल्या खिडकीच्या फटीतून कवडसा आत उतरला, की एरवी नजरेस न पडणारे धूलिकण त्यात तरंगताना दिसू लागतात. कणादांच्या वैशेषिक परंपरेने याच कणाला त्र्यणुक मानले. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, असा चोख हिशेब मांडला. आणि विभाजनाला अंत नसेल, तर मेरू व मोहरी या दोहोंचे अवयव सारखेच अनंत ठरून त्यांच्या आकारमानात भेद उरणार नाही, अशी बिनतोड हरकत घेतली.

आकडा मात्र तोकडा पडला. त्या कणात सहा परमाणू नसून अब्जावधी अणू असतात, आणि अणूही फुटतो. त्यातील इलेक्ट्रॉनचे वर्तन तरंगासारखे असल्यामुळे, दोन्ही टोकांशी बांधलेल्या तंबोऱ्याच्या तारेतून जसे ठरावीकच स्वर निघतात, तशा केंद्रकाभोवती जखडलेल्या या तरंगालाही ठरावीकच ऊर्जा लाभतात. सर्वांत खालच्या पायरीखाली पायरीच नसल्याने अणू कोसळत नाही. अशी कल्पना कणादांच्या दप्तरी नाही, आणि ती तेथे ओढूनताणून दाखल करणे मला अप्रशस्त वाटते.

या तरंगाचे समीकरण १९२६ साली प्रसिद्ध करणारे श्रोडिंजर वेदान्ताचे निस्सीम चाहते होते. आदल्याच वर्षीच्या शरदात त्यांनी त्यावर लिहिलेही होते. तथापि समीकरणाची प्रेरणा त्यांना मिळाली द ब्रॉयच्या द्रव्यतरंगांच्या कल्पनेतून, आणि त्याची पहिली कसोटी लागली ती हायड्रोजनच्या वर्णपटातील रेषांवर.